पाण्याखालचा तोल

वाचकहो, या सदरातून आपण आजवर बसणे, उभे राहणे, निजणे, दुचाकी चालवणे, ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटणे अशा अनेक प्रसंगींच्या देहस्थितीचा विचार केला. त्या सर्व विवेचनात एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे पायांखालची जमीन. गेल्या महिन्यात आलेल्या एका पत्राने ही जमीनच काढून घेतली आहे.

पत्र पुण्याच्या एका वाचक भगिनींचे आहे. वय त्रेपन्न. मुलगा आणि सून यांच्या आग्रहावरून त्यांनी अंदमानात चार दिवसांचा स्कूबाचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. समुद्रतळाशी जे पाहिले ते जन्मभर पुरेल, असे त्या लिहितात. परंतु परतल्यावर दहा दिवस कंबर आणि मान धरली. ‘पाण्यात शरीराला वजन नसते असे ऐकून होते, मग कंबर दुखली कशाने?’ असा त्यांचा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न खरेदीचा. मुलाच्या मते भाड्याने मिळालेले जॅकेट जुन्या पद्धतीचे होते. पाठीवर हवेची पिशवी असलेला ‘विंग’ घेतला की शरीर आपोआप आडवे राहील. मुलाचा एक मित्र सांगतो, विंगही नको, सिलिंडर कुशीला लावण्याची ‘साइडमाउंट’ पद्धत घ्या, पाठीवरचा भारच जाईल. आणि यजमानांचे म्हणणे असे, की या वयात हे सारेच पुरे झाले. ‘तुम्ही सांगाल तसे करीन,’ असे लिहून त्यांनी मोठीच जबाबदारी माझ्यावर टाकली आहे.

ताई, जॅकेट, विंग आणि साइडमाउंट यांकडे मी येतेच. मात्र त्याआधी एक घरगुती प्रयोग करा, म्हणजे पुढचे सारे सोपे जाईल. प्लास्टिकची रिकामी बाटली घट्ट झाकण लावून पाण्याने भरलेल्या बादलीत सोडा. ती आडवी तरंगेल. आता तिच्या बुडाशी रबराने एक जड चमचा बांधा. बाटली तिरकी होईल, चमचा पुरेसा जड असेल तर उभीच राहील. तोच चमचा सरकवून मध्यावर आणा. बाटली पुन्हा आडवी. बाटली तीच, चमचा तोच, पाणीही तेच. बदलली ती केवळ चमच्याची जागा.

पाण्यात वजन नाहीसे होत नाही. पृथ्वीची ओढ तशीच राहते. तिच्या विरुद्ध पाण्याचे प्लावक बल वर उचलत असते, आणि दोन्ही समान झाली की आपल्याला हलके वाटते. परंतु ही दोन बले शरीराच्या एकाच बिंदूतून जात नाहीत. ओढ गुरुत्वमध्यातून खाली जाते आणि उचल प्लवनमध्यातून वर येते. हे दोन बिंदू एकाच उभ्या रेषेत आले की शरीर स्थिर होते. नसतील तर येईपर्यंत शरीर फिरते. मनुष्याच्या छातीत फुप्फुसे आहेत, म्हणून उचलीचा मध्य वर छातीकडे असतो. पाय हाडामांसाचे, त्यामुळे ते खाली जातात. पोहायला शिकताना पाय बुडतात ते याच कारणाने. मांड्या व नितंब यांवर चरबी अधिक असल्याने बहुतेक स्त्रियांचे पाय पुरुषांच्या तुलनेने सहज तरंगतात. तालमीत घडलेल्या पुरुषांचे पाय मात्र दगडासारखे खाली जातात, हे कोणत्याही तलावावर दिसेल.

आता या देहावर डायव्हरची सामग्री चढवू. अंगात रबरी वेटसूट. त्याच्या फोमात असंख्य बुडबुडे असल्याने तो तरंगतो. तो तरंगू नये म्हणून कमरेच्या पट्ट्यात शिशाची वजने. पाठीवर हवेचा सिलिंडर. आणि हवा भरता-सोडता येणारे जॅकेट, ज्याला सर्वत्र ‘बीसीडी’ म्हणतात. सूट, शिसे, सिलिंडर आणि जॅकेटातील हवा या चार गोष्टी शरीराच्या कोणत्या भागी किती आहेत, यावर पाण्याखाली आपण आडवे राहणार की उभे, हे ठरते. इच्छाशक्तीचा यात फारसा संबंध नाही. ‘पाय वर घ्या, पाय वर घ्या’ अशी खूण प्रशिक्षक सारखी करीत राहतो आणि शिकणारा बिचारा कंबर ताणून पाय वर घेतो. पण चमचा बुडाशी बांधलेली बाटली कितीही वेळा आडवी केली तरी ती पुन्हा उभीच राहणार.

ताईंची कंबर नेमकी येथे दुखली असावी. त्यांनी पत्रात एक तपशील सहज लिहिला आहे: पट्ट्यावर त्यांना दहा किलो शिसे दिले होते, आणि त्यांचे वजन अठ्ठावन्न किलो आहे. पातळ सूट, उबदार समुद्र आणि अॅल्युमिनियमचा सिलिंडर असताना या बांध्याच्या व्यक्तीला बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरते. नेमका आकडा पाण्यात तपासूनच कळेल, परंतु दहा हा आकडा मला पाहताक्षणी खटकला. कारण अकरा वर्षांपूर्वी तोच आकडा माझ्याही कमरेला होता.

त्या वेळी मी स्वतः नुकतीच शिकले होते. एका बेटावरील एका केंद्रातून आमची नाव निघाली. पट्टा बांधणाऱ्या मुलाला मी विचारले, एवढे कशाला? तो म्हणाला, ‘‘मॅडम, जास्त असलेले बरे, खाली जायला त्रास होत नाही.’’ खाली जायला खरोखरच त्रास झाला नाही. मी दगडासारखी गेले. चौदा मीटरवर थांबायचे, म्हणून जॅकेटात हवा भरली, आणखी भरली. चार-पाच किलो शिसे अनावश्यक, म्हणजे त्याला तोलायला चार-पाच लिटर हवाही अनावश्यक. ही हवा छातीच्या व खांद्यांच्या बाजूला, शिसे कमरेला. दोन टोकांना दोन विरुद्ध ओढी, आणि मधे मी, पंचेचाळीस अंशांत कललेली, सायकल चालवल्यासारखे पाय मारीत. शरीर कललेले असले की फिनचा प्रत्येक फटका पाणी खाली ढकलतो आणि आपल्याला वर नेतो. थांबले की आपण खाली जातो. म्हणून थांबता येत नाही. देहस्थितीवर लोकांना उपदेश करणारी मी, दम लागेपर्यंत पाय मारीत होते. त्या धडपडीत डाव्या फिनचा टोला लागून प्रवाळाची एक फांदी तुटली. हातभर लांबीची ती फांदी वाढायला कित्येक वर्षे लागली असतील. तो आवाज पाण्यात फार स्पष्ट ऐकू येतो.

पण खरी गोष्ट परतताना घडली. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो आणि जॅकेटातील हवा फुगते. चौदा मीटरवर दाब सुमारे २.४ बार, पाच मीटरवर १.५. म्हणजे खालची चार लिटर जादा हवा पाच मीटरवर सुमारे साडेसहा लिटर होते, आणि ती अडीच लिटर वाढ आपल्याला अडीच किलो बलाने वर खेचते. अचूक शिसे असलेल्या डायव्हरच्या जॅकेटात मुळात हवा थोडी, त्यामुळे फुगणारी हवाही थोडीच. माझ्याकडे ती भरपूर होती. ती सोडायचे बटण सापडेपर्यंत मी पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा ओलांडून थेट पृष्ठभागावर आले. श्वास सोडीत राहण्याचे शिक्षण अंगी मुरले होते, एवढेच वाचवणारे ठरले. श्वास रोखून धरला असता तर फुप्फुसांतील हवाही त्याच नियमाने फुगली असती, आणि त्याचा परिणाम काय होतो ते वैद्यकाच्या पुस्तकांत मी वाचलेले आहे. नावेत बसून मी दिवसभर हातापायांत मुंग्या येतात का, सांधे दुखतात का, याकडे लक्ष ठेवीत राहिले. काही झाले नाही. त्या मुलाने पट्टा काढताना पुन्हा तेच म्हटले, ‘‘खाली जायला त्रास नाही ना झाला?’’

म्हणून ताई, कोणतीही खरेदी करण्याआधी शिसे तपासा. त्याची रीत सोपी आहे आणि प्रत्येक चांगला प्रशिक्षक ती करून दाखवतो. गोता संपत आला असताना, सिलिंडरमध्ये पन्नास बारच्या आसपास हवा उरलेली असताना, जॅकेट पूर्ण रिकामे करून पृष्ठभागावर निश्चल राहावे. नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबले की पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावे, आणि श्वास सोडला की हळूहळू बुडावे. (श्वास थांबवणे हे केवळ पृष्ठभागावरच्या या चाचणीपुरते, खाली कधीही नाही.) सुरुवातीला, भरल्या सिलिंडरने चाचणी घेतली तर आणखी सुमारे दोन किलो शिसे लागते, कारण हवेलाही वजन आहे. नेहमी भाड्याने मिळणाऱ्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरात दोनशे बार दाबाने सुमारे २२०० लिटर हवा मावते आणि तिचे वजन अडीच किलोहून थोडे अधिक भरते. ही हवा आपण श्वासावाटे खर्च करतो, त्यामुळे तळाशी जड असलेला सिलिंडर गोत्याच्या अखेरीस तरंगू लागतो. शेवटी हलके होऊन वर उडू नये म्हणून आधीपासून तेवढे शिसे बरोबर ठेवावे लागते. त्यापलीकडचे शिसे भीतीपोटी बांधलेले असते, कधी शिकणाऱ्याच्या, बहुतेकदा शिकवणाऱ्याच्या.

देहस्थितीचा आणि हवेच्या खर्चाचा संबंधही येथेच सांगून टाकते. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन आहे. आडवे शरीर त्यातून माशासारखे सरकते, कललेले शरीर दारासारखे ढकलावे लागते. शांत असलेला डायव्हर पृष्ठभागावरील मापाने मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असे धरू. वीस मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून खर्च साठ लिटर. पन्नास बारची राखीव हवा वगळता त्याला सत्तावीस मिनिटे मिळतात. धडपडीमुळे हाच खर्च मिनिटाला तीस लिटर झाला तर अठरा मिनिटे. शिवाय उभ्या स्थितीत आणखी एक अडचण असते, जी वरून दिसत नाही. रेग्युलेटर तोंडाच्या पातळीवरील दाबाने हवा देतो. उभ्या शरीरात फुप्फुसे त्याच्या वीस-तीस सेंटिमीटर खाली असतात आणि तेथे पाण्याचा दाब तेवढा अधिक असतो. प्रत्येक श्वासाला छातीच्या स्नायूंना तेवढे पाणी बाजूला सारावे लागते. शरीर आडवे झाले की तोंड आणि छाती जवळजवळ एका पातळीवर येतात. आडवे राहिल्यावर श्वास मोकळा वाटतो, असे अनेक जण सांगतात, त्यात केवळ मनाचा भाग नाही.

आता जॅकेट, विंग आणि साइडमाउंट.

हवेची पिशवी अंगावर बाळगण्याची कल्पना फार जुनी नाही. कूस्तो आणि गान्यां यांचे श्वसनयंत्र १९४३ मधले. त्यानंतर कित्येक वर्षे डायव्हर पिशवीवाचूनच उतरत. १९६१ मध्ये मॉरिस फेंझी या फ्रेंच गृहस्थाने गळ्यात अडकवायची पिशवी तयार केली. ती छातीवर आणि मानेमागे असे, त्यामुळे पृष्ठभागावर तोंड आकाशाकडे राही, आणि पाण्याखाली मात्र छाती वर, पाय खाली. पुढे ही हवा छातीवरून काखेखाली, बरगड्यांच्या बाजूला आणि पाठीकडे गेली; तेच आज भाड्याने मिळणारे जॅकेट. त्याचा मोठा गुण पृष्ठभागावर दिसतो. हवा भरली की ते मनुष्याला खुर्चीत बसवल्यासारखे उभे धरते, डोके पाण्याबाहेर राहते, नवशिक्याला धीर येतो. दोष असा, की पूर्ण भरले की छातीला सर्व बाजूंनी आवळते. आधीच घाबरलेल्या माणसाला हे आवळणे श्वास कोंडल्यासारखे वाटते. माप योग्य असावे, आणि भरलेल्या जॅकेटातही बरगड्या पुरत्या फुगवता याव्यात. पट्टे बांधताना हवा भरून, दीर्घ श्वास घेऊन पाहा. साडी किंवा पंजाबी ड्रेसचे माप घेताना बसून पाहतो तसेच.

विंगमध्ये सारी हवा पाठीवर, सिलिंडरच्या दोन्ही अंगांना असते. छाती आणि पोट मोकळे. पाण्याखाली याचा आडवेपणाला उपयोग होतो, कारण वरून हवा उचलते आणि खाली शरीर लोंबते, पाळण्यासारखे. पिशवी अनेकदा पोलादी पाटावर बसवलेली असते; हा पाट अडीच-तीन किलोंचा, म्हणजे तेवढे शिसे कमरेवरून उठून पाठीवर, फुप्फुसांच्या जवळ येते. चमचा बुडावरून मध्याकडे सरकला. मुलाचे म्हणणे खरे आहे ते एवढ्यापुरते. पण हीच विंग पृष्ठभागावर जास्त भरली आणि शिसे पुढच्या बाजूला असले, तर ती मनुष्याला तोंडावर ढकलते. थोडे मागे रेलावे, गरजेपुरतीच हवा भरावी, काही वजन सिलिंडरच्या पट्ट्याजवळच्या खिशात मागे ठेवावे, म्हणजे हा त्रास जातो. येथे एक गोष्ट ठासून सांगणे माझे कर्तव्य आहे: जॅकेट असो की विंग, ती जीवरक्षक कवचे नव्हेत. शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची हमी त्यांपैकी कोणीही देत नाही. ती हमी शेजारच्या सोबत्याची.

साइडमाउंटचा जन्म गुहांत झाला. इंग्लंडमधील पाण्याने भरलेल्या अरुंद बोगद्यांतून सरकताना पाठीवरचा सिलिंडर छताला अडे, म्हणून तेथील गुहासंशोधकांनी तो कुशीला बांधला. पुढे फ्लोरिडातील गुहांत ही पद्धत बरीच विकसित झाली. यात सिलिंडर काखेपासून मांडीपर्यंत शरीराला समांतर असतात, त्यामुळे शरीर फार स्थिर राहते, आणि पाठ संपूर्ण मोकळी. पाठीच्या जुन्या दुखण्यासाठी याचा एक फायदा निर्विवाद आहे: सिलिंडर पाण्यात उतरल्यावर अडकवता येतात, नावेवर पाठीवर घेऊन उभे राहावे लागत नाही. पण मित्राने ताईंना दुसरी बाजू सांगितलेली दिसत नाही. दोन सिलिंडर, दोन रेग्युलेटर, आलटूनपालटून श्वास घेऊन दोन्हींतील हवा साधारण सारखी ठेवणे, आणि अॅल्युमिनियमचे सिलिंडर रिकामे होऊ लागले की त्यांचे बूड वर उचलते म्हणून खालची कडी पुढे सरकवणे, इतकी व्यवधाने आहेत. चारच दिवस शिकलेल्या व्यक्तीने त्यात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वीस-पंचवीस गोते झाल्यावर स्वतंत्र प्रशिक्षण घेऊन अवश्य पाहावे.

शिशाची जागा हा या सर्वांतला स्वस्त उपाय आहे. कमरेच्या पट्ट्यावरील दोन किलो काढून सिलिंडरच्या वरच्या पट्ट्याला लावले, तरी भाड्याचेच जॅकेट कितीतरी आडवे ठेवते. सिलिंडर वर-खाली सरकवूनही तोल बदलतो. तो दोन बोटे वर घेतला की डोके जड, खाली घेतला की पाय जड. मात्र वर घेण्यात मानेचा घात आहे, आणि त्याकडे मी आता वळते.

आडवे शरीर करून पुढे पाहायचे म्हणजे मान मागे वाकवणे आले. मास्कमुळे वरचे दिसत नाही, म्हणून ती आणखी वाकते. आणि सिलिंडर फार वर बांधला असेल तर त्यावरची धातूची जोडणी डोक्याला टेकते. मग डोके आणि खांदे यांच्यात चाळीस मिनिटे झुंज चालते. ज्यांना मानेच्या मणक्यांची झीज आहे, हाताला मुंग्या येतात, त्यांनी सिलिंडर आपल्या मानेला अडणार नाही इतका खाली घ्यावा आणि तो तोल कमरेवरील शिसे कमी करून साधावा. सदासर्वकाळ काटेकोर आडवे राहण्याचा हट्टही धरू नये. डोक्याकडून दहा-पंधरा अंश उंच राहिले तर काही बिघडत नाही. समोर पाहण्याऐवजी खाली व किंचित पुढे पाहावे, आणि दूरचे पाहायचे तर मान न वळवता सर्व शरीर वळवावे.

कमरेचे दुखणे दोन ठिकाणी जन्मते. पहिले ठिकाण पाण्यात: बुडणारे पाय वर धरून ठेवण्यासाठी कंबर आत वाकवून केलेली धनुष्याकृती. शिसे योग्य जागी गेले की तिची गरजच उरत नाही. गुडघे वाकवून टाचा वर, मांड्या धडाच्या रेषेत, आणि बेडकासारखा रुंद, संथ फटका, मग लांब विश्रांती. घरी पलंगावर पालथे पडून गुडघे काटकोनात वाकवा, ओटीपोटाखाली पातळ उशी घ्या, आणि नितंबांचे स्नायू आवळून मांड्या गादीवरून केवळ दोन बोटे उचला. पाचपर्यंत मोजा, सोडा. दहा वेळा. कंबरेत कळ आली तर थांबा, आणि सायटिका असेल तर आपल्या तज्ज्ञाला विचारल्यावाचून करू नका. दुसरे ठिकाण नावेवर आहे, आणि माझ्या अनुभवाने बहुतेक कमरा तेथेच जातात. भरलेला सिलिंडर, जॅकेट आणि शिसे मिळून वीस-पंचवीस किलो होतात, ते डोलणाऱ्या लाकडी फळीवर वाकून उचलायचे. पाण्यात वजन नसेल, नावेवर असते! बसून पट्टे बांधावेत, उभे राहताना मदतनिसाने सिलिंडर मागून धरावा. परतताना पाण्यातच जॅकेट उतरवून आधी ते वर द्यावे आणि मग शिडी चढावी. हे मागायला संकोच वाटतो, विशेषतः आपल्या वयाच्या स्त्रियांना. मागावे.

मालवण-तारकर्लीला दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदाच गोता मारून येणाऱ्या कुटुंबांना यातले थोडेच लागू पडते. तेथे प्रशिक्षक आपल्याला धरून नेतो आणि हवा-शिसे तोच पाहतो. तुम्ही तीन गोष्टी पाहा. मुलाचे जॅकेट त्याच्या मापाचे आहे का. मोठे असेल तर ते कानांपर्यंत वर सरकते आणि मूल त्यात लोंबकळते. दहा वर्षांखालील मुलाला समुद्रात नेऊ नये, कोणी कितीही कमी खोली सांगितली तरी. आणि आरोग्याचा जो कागद भरून घेतात त्यावर खरे लिहा. दमा, फुप्फुस फुटल्याचा इतिहास, हृदयविकार, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग समुद्र; पैसे भरले आहेत म्हणून ‘नाही’वर खूण करून मोकळे होणारे पालक मी पाहिले आहेत. कागद भरून घेतलाच नाही, तर ते केंद्र सोडून पुढच्या केंद्राकडे जा. पाण्यात उतरल्यावर हातापायांतील रक्त छातीकडे सरकते आणि मूत्रपिंडे जागी होतात, म्हणून सर्वांनाच लघवीची भावना होते. त्या भयाने सकाळपासून पाणी न पिणे मात्र चुकीचे, कारण शुष्क शरीराला दाबातील बदल अधिक बाधतात.

आता ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर. विंग आज घेऊ नका, साइडमाउंट तर नाहीच. आधी कमरेची तपासणी करून घ्या. दुखणे दहा दिवसांत गेले असेल आणि पायात कळ उतरत नसेल तर पुन्हा पाण्यात जायला माझी हरकत नाही. पुढचा गोता पोहण्याच्या तलावात, प्रशिक्षकासमवेत, भाड्याच्याच जॅकेटात मारा. पट्ट्यावर चार किलोंपासून सुरुवात करा आणि अर्ध्या-अर्ध्या किलोने जुळवत न्या. तलावाच्या गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा दीड-दोन किलो कमी लागेल, तेव्हा समुद्रात पुन्हा तपासा. तळापासून हातभर वर आला की हात छातीशी बांधून पाय अगदी स्थिर ठेवा आणि फक्त श्वास घ्या. पाय खाली गेले तर एक किलो कमरेवरून सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावर नेऊन पुन्हा पाहा. डोके खाली गेले तर उलट. अर्धा तास लागेल. किती शिसे, कोठे, कोणत्या सुटात, हे आकडे वहीत टिपून ठेवा, आणि पुढच्या वेळी नावेवरचा मुलगा ‘जास्त असलेले बरे’ म्हणाला तर ती वही त्याच्यापुढे धरा.

यजमानांना तलावाच्या काठावर बसवून हे सारे पाहू द्या. पत्रावरून तरी त्यांची भीती कमरेपेक्षा समुद्राचीच अधिक दिसते.